सायलेन्सरच्या अश्वशक्तीची तहकीकात

शनिवारचा दिवस कलू लागला की मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळे आणि बोर्ली पंचतन असा मार्ग आक्रमीत पुण्याहून आलेल्या मोटारी दिवेआगरच्या पोफळीच्या आगरांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर शिरू लागतात, आणि त्यांतल्या काहींच्या आगमनाची वर्दी, त्या दृष्टीस पडण्यापूर्वीच, त्यांच्या मागल्या अंगाला बसविलेली रुंद, चकचकीत पोलादी पुंगळी गावाला देऊन टाकते. गाडीचा तरुण मालक घरगुती खाणावळीच्या अंगणात उतरतो, हातपाय धुतो, आणि सोलकढीचा पहिला घोट घेण्याच्या आत यजमानाला ऐकवतो की नवा सायलेन्सर टाकल्यापासून गाडीचा पिकअप वाढला आहे, आठ-दहा एचपी तरी सहज मिळाले असतील, आणि आज घाट उतरल्यापासून तर ती नुसती उडते आहे. या विधानाचा उत्तरार्ध खरा आहे. घाट उतरल्यावर गाडी खरोखरीच जोमदार होते. परंतु त्या जोमाचे श्रेय कोणाच्या नावे जमा करावयाचे, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

मूळ कारखान्यातून आलेला सायलेन्सर काढून बाजारात मिळणारा दुसरा बसविल्याने इंजिनाची शक्ती किती वाढते, आणि वाढलीच तर ती मोजावयाची कशी, हा विषय वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटेल. पण या हौसेपायी पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या घरात रक्कम खर्ची पडते, आणि ती ज्या आकड्याच्या भरवशावर पडते त्या आकड्याला बहुधा विक्रेत्याचा शब्द आणि मालकाचा कान यांपलीकडे साक्षीदार नसतो. ज्या दिवेआगरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, मराठी ताम्रपट सापडला, जिथल्या माणसांनी साडेनऊशे वर्षांपूर्वी आपसांतला व्यवहारदेखील तांब्यावर कोरून ठेवला, त्या गावात उभे राहून असा बिनदस्तऐवजाचा दावा मान्य करणे मनाला थोडे जडच जाते.

अश्वशक्ती म्हणजे काय, हे आगरातल्या माणसाला समजावून सांगण्याची मुळीच गरज नाही. रहाटाचे दिवस गेले आणि विहिरीवर विजेचे पंप बसले तेव्हापासून ‘दोनचा घ्यावा की तीनचा’ हा विचार प्रत्येक बागाईतदाराने केलेला आहे. आणि पाऊणशे किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलले म्हणजे एक अश्वशक्ती खर्च झाली, ही व्याख्या विहिरीच्या काठावर जितकी सहज पटते तितकी पुस्तकात पटत नाही. दहा मीटर खोल पाणी असेल तर एका अश्वशक्तीने, वाटेतली गळती आणि घर्षण सोडून दिल्यास, सेकंदाला साडेसात लिटर पाणी वर यावे, इतका हा साधा हिशेब आहे. मात्र ही झाली युरोपीय दशमान पद्धतीची अश्वशक्ती, जिचे मूल्य ७३५.५ वॉट भरते. जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या यंत्रांची क्षमता गिऱ्हाइकांना घोड्यांच्या भाषेत सांगता यावी म्हणून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असे जे माप ठरविले, ते ब्रिटिश अश्वशक्तीचे माप ७४५.७ वॉटचे आहे. आपल्याकडच्या मोटारींच्या माहितीपत्रकांत कधी पीएस तर कधी बीएचपी ही अक्षरे छापलेली असतात, ती याच दोन मापांची. आणि १०० पीएस म्हणजे बीएचपीच्या मापाने जेमतेम ९८.६. केवळ एकाच्या जागी दुसरे माप वाचल्याने सव्वा-दीड टक्क्याचा फरक पडतो, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढे ज्या लाभाचा शोध आपण घेणार आहोत तोही जवळपास तेवढाच निघणार आहे.

इंजिनाच्या नळकांड्यात पेट्रोल आणि हवा जळून जी उष्णता उत्पन्न होते, तिचा ठोकळमानाने तिसरा हिस्सा धुराबरोबर मागल्या नळीतून निघून जातो. हा तप्त वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये येतो, तेथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरून प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंच्या सान्निध्यात आपले विषारी घटक टाकतो, आणि मग सायलेन्सरच्या कप्प्याकप्प्यांतून ऊर बडवीत, आवाज गमावीत, बाहेर पडतो. या साऱ्या प्रवासात वायूला जो अडथळा होतो तो दट्ट्याला मागे रेटतो. दट्ट्या वर सरकताना केवळ धूर हाकलण्यासाठी जी मेहनत करतो ती इंजिनाच्या कमाईतून वजा होते. अडथळा कमी केला की ही वजावट कमी होते, हा सायलेन्सर बदलण्यामागचा मुख्य युक्तिवाद आहे, आणि तत्त्वतः त्यात खोट काढण्यासारखे काही नाही.

प्रश्न उरतो तो रकमेचा, आणि ती रक्कम शाळेत शिकलेल्या गणिताने काढता येते. समजा, १२०० घनसेंटिमीटरचे, ८५ अश्वशक्तीच्या आसपासचे, टर्बो नसलेले साधे पेट्रोल इंजिन आहे. आपल्या रस्त्यांवरच्या असंख्य लहान मोटारींत असते तसेच. समजा, नव्या सायलेन्सरने धुराच्या वाटेतला दाब दहा किलोपास्कलने, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या एकदशांशाने, उतरला. ही सूट उदार आहे. हा दाब आणि इंजिनाचे घनफळ यांचा गुणाकार १२ ज्यूल होतो. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा धूर बाहेर जातो, म्हणून मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या गतीला सेकंदात अशी ५० आवर्तने होतात. ५० गुणिले १२ म्हणजे ६०० वॉट. सहाशे वॉट म्हणजे एक अश्वशक्तीदेखील पुरी नव्हे, पाऊणाहून किंचित अधिक. नळकांड्यात मागे उरणारा जळका वायू कमी झाल्याने थोडी जास्त ताजी हवा आत येते, तिचा लाभ यात मिळविला तरी आकडा एक-दोन अश्वशक्तींच्या आतबाहेर राहतो. आणि तोही फक्त त्या वेळी, जेव्हा चालकाने पाय तळाला नेऊन इंजिन किंचाळेपर्यंत फिरविलेले असेल. मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांवर, जिथे आपले बहुतेक आयुष्य जाते, हा लाभ जवळजवळ शून्यावर येतो.

उलटपक्षी तिथे तोटाही संभवतो. धूर नळीतून संथ प्रवाहाने वाहत नाही. प्रत्येक झडप उघडताच दाबाची एक लाट निघते आणि तप्त वायूत सेकंदाला पाचशे-सहाशे मीटरच्या वेगाने धावत सुटते. नळी जिथे एकाएकी रुंद होते किंवा संपते तिथून ती लाट परत फिरते, आणि परतीच्या लाटेचा कमी दाब जर झडप बंद होण्याच्या नेमक्या क्षणी येऊन पोहोचला तर तो नळकांड्यातला उरलासुरला धूर ओढून नेतो. नळ्यांची लांबी आणि व्यास ठरविताना कारखान्यातील अभियंता हीच वेळ जुळवीत असतो. शर्यतीच्या गाडीत ती वरच्या फेऱ्यांना जुळवितात, घरगुती गाडीत खालच्या आणि मधल्या. ही घडी मोडून कोणी अंदाजपंचे रुंद नळी बसविली म्हणजे टोकाला मिळालेली अर्धी-पाऊण अश्वशक्ती मध्यावर परत करावी लागते, आणि घाटाच्या चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी पूर्वीपेक्षा सुस्त वाटू लागते. ‘थोडा अडथळा इंजिनाला हवाच असतो’ ही गॅरेजमधली समजूत याच अनुभवातून निघाली असावी. अडथळा कोणालाच नको असतो, हवी असते ती लाटेची वेळ.

आता घाटाकडे वळू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील हवेचा दाब किनाऱ्यावरच्या दाबाच्या मानाने सहा टक्क्यांनी कमी भरतो. दिवेआगरचे आगर तर भरतीच्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. इंजिन एका घोटात जी हवा ओढते तिचे वजन दाबाबरोबर वाढते, आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती त्या वजनाच्या मागे मागे चालते. किनाऱ्याची हवा दमट असते, आणि बाष्प प्राणवायूची जागा अडविते, म्हणून या लाभातून थोडी कपात करावी लागते. तरीदेखील सगळा जमाखर्च मांडून पाहिला तर पुण्यात ८५ अश्वशक्ती असे ज्याच्याविषयी म्हणता येईल ते इंजिन दिवेआगरच्या समुद्राकाठी त्याहून पाच टक्के, म्हणजे चार-साडेचार अश्वशक्तींनी, बलवान असते. पदरचा एक पैसा न मोडता, पान्हा हाती न धरता, केवळ सह्याद्री उतरल्याबद्दल निसर्गाने दिलेले हे इनाम सायलेन्सरच्या प्रामाणिक देणगीच्या दुप्पट-तिप्पट आहे. तरुण मालकाने शुक्रवारी पुण्यात नवी पुंगळी बसविली, शनिवारी तो घाट उतरला, आणि त्याच संध्याकाळी त्याने निवाडा दिला. त्या निवाड्यात सह्याद्रीची साक्ष नोंदविलीच गेली नाही. सोमवारी ताम्हिणी चढून परत गेल्यावर गाडी जरा मंद वाटली, तर दोष बिचाऱ्या पेट्रोलपंपावर जातो.

याच कारणासाठी शक्ती मोजणाऱ्यांनी हवेची जमाबंदी फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. पण तिच्याकडे वळण्यापूर्वी मोजण्याच्या यंत्राविषयी, म्हणजे डायनामोमीटरविषयी, दोन शब्द सांगितले पाहिजेत. फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ च्या सुमारास एक युक्ती काढली: फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळून धरावयाचे, ठोकळ्यांना लांब दांडा जोडावयाचा, आणि तो दांडा फिरू नये म्हणून त्याच्या टोकावर किती वजन ठेवावे लागते ते पाहावयाचे. वजन आणि दांड्याची लांबी यांवरून टॉर्क, म्हणजे फिरविण्याचा जोर, कळतो; टॉर्क आणि फेऱ्यांची गती यांच्या गुणाकारातून शक्ती निघते. १८७७ मध्ये विल्यम फ्रूड याने जहाजांच्या प्रचंड इंजिनांसाठी ठोकळ्यांऐवजी पाण्याचा रोध वापरला, आणि पुढे विजेच्या भोवरप्रवाहांचा रोध आला. परंतु मूळ तत्त्व प्रोनीचेच राहिले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे, ती अशी की कोणताही डायनामोमीटर अश्वशक्ती मोजीत नाही. तो मोजतो टॉर्क आणि फेरे. अश्वशक्ती ही त्यानंतर कागदावर, आणि हल्ली संगणकात, काढलेली रक्कम आहे, आणि जिथे रक्कम काढली जाते तिथे ती फुगविण्याची सोय आपोआप निर्माण होते.

महाराष्ट्रात या मोजमापाचे सर्वांत प्रतिष्ठित पीठ म्हणजे पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था. रोज पहाटे त्या टेकडीवर फिरायला जाणारे कोथरूडकर तिच्या आद्याक्षरांनी टेकडीलाच ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. आत काय चालते याची बहुतेकांना फारशी वास्तपुस्त नसते. देशात विकल्या जाणाऱ्या वाहनांना मान्यतेचा दाखला देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. अशा ठिकाणी इंजिन गाडीतून काढून, पक्क्या पायावर बसवून, त्याचा दांडा थेट डायनामोमीटरला जोडतात. हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता, इंधनाची प्रत, तेलाची उष्णता, सारे काही नोंदले जाते, आणि मग प्रत्यक्ष आलेला आकडा एका ठरावीक हवेच्या मापाला आणून लिहिला जातो. आज सर्वत्र मान्य असलेली ही ठरावीक हवा म्हणजे २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ९९ किलोपास्कल कोरडा दाब. पुण्यात मोजलेले इंजिन आणि चेन्नईत मोजलेले इंजिन यांची तुलना होऊ शकते ती या तहामुळे.

सामान्य मोटारमालकाच्या वाट्याला ही शाही व्यवस्था येत नाही. त्याच्यासाठी पुण्या-मुंबईच्या काही गॅरेजांतून बसविलेला रोलरचा डायनो असतो, ज्यावर पुढची चाके चढवून, गाडी पट्ट्यांनी जमिनीला जखडून, एका गिअरमध्ये खालपासून वरपर्यंत इंजिन फिरवितात. एक पंखा समोरून वारा घालीत असतो, टायर तापून रबराचा वास सुटतो, आणि वीस-एक सेकंदांत पडद्यावर डोंगराच्या कडेसारखी एक रेषा उमटते. या रेषेचे टोक मालकाला हवे असते. त्याच टोकावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. कारण प्रथमतः ही शक्ती चाकांशी मोजलेली असते, इंजिनाशी नव्हे. वाटेत गिअरबॉक्स, सांधे आणि टायर आपापला कर घेतात, आणि हा कर पंधरा टक्क्यांच्या आसपास धरून चाकांवरच्या आकड्याचा इंजिनाचा आकडा करण्याची जी प्रथा आहे तिच्यात अंदाजाचा अंश मोठा आहे. टायरमधील हवा दोन-चार पौंडांनी कमी असली, पट्टा थोडा अधिक आवळला गेला, तर हा कर बदलतो.

दुसरी गोम ठरावीक हवेच्या हिशेबात. वर सांगितलेल्या आधुनिक प्रमाणाखेरीज अमेरिकेतील एक जुने प्रमाण अजून डायनोंच्या संगणकांत जिवंत आहे, जे साडेपंधरा अंशांची गार हवा आणि पूर्ण वातावरणाचा दाब गृहीत धरते. त्याच्या मापाने तीच गाडी, त्याच दिवशी, त्याच रोलरवर, चार टक्क्यांनी बलवान दिसते. सायलेन्सरपूर्वीचा कागद एका प्रमाणाने आणि नंतरचा दुसऱ्या प्रमाणाने छापला, की तीन अश्वशक्ती हवेतून, अगदी शब्दशः हवेतून, पैदा होतात. तापमान मोजणारी काडी रेडिएटरच्या तोंडाशी ठेवली आणि ती खऱ्यापेक्षा दहा अंश जास्त दाखवू लागली, तर संगणक ‘बिचारे इंजिन उष्ण हवेत कष्ट करते आहे’ अशी समजूत करून घेतो आणि दयाबुद्धीने दीड-दोन टक्के बक्षीस देतो. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही. गॅरेजच्या कोंदट खोलीत दुपारी दोन वाजता काडी कुठे टांगावी हा प्रामाणिक माणसालाही प्रश्न पडतो.

याहून सूक्ष्म असा एक दोष क्रमाचा आहे, आणि मला तो सर्वांत रोचक वाटतो. सामान्यतः प्रथम जुन्या सायलेन्सरवर मोजणी होते, मग नवा बसवितात, मग पुन्हा मोजणी होते, आणि दोन आकड्यांची वजाबाकी करून ती नव्याच्या नावावर लिहितात. पण पहिल्या फेऱ्यांच्या वेळी गिअरबॉक्समधले तेल थंड आणि घट्ट असते, नंतर ते तापून पातळ होते आणि चाकांशी थोडी अधिक शक्ती पोहोचू देते. त्याच वेळी सायलेन्सर बदलण्यात जो तास-दीड तास जातो, तेवढ्यात बॉनेटखालची हवा निवते आणि इंजिनाला गार घास मिळतो. या दोन्ही गोष्टी नव्या सायलेन्सरच्या बाजूने जातात, आणि त्यांपैकी एकीशीही त्याचा काही संबंध नाही. यावर उपाय एकच: तिसरी मोजणी. जुना, नवा आणि पुन्हा जुना, अशा क्रमाने एकाच दिवशी, एकाच रोलरवर, त्याच पेट्रोलच्या टाकीवर, इंजिनाचे तेल आणि आत जाणारी हवा दरवेळी एकाच तापमानाला आणून, प्रत्येक अवस्थेत निदान तीन-तीन फेऱ्या घ्याव्यात. तिसऱ्या मोजणीत आकडा खाली उतरून पहिल्याच्या जागी आला, आणि नव्याची सर्वांत कमकुवत फेरी जुन्याच्या सर्वांत जोरकस फेरीच्याही वर राहिली, तर लाभ खरा मानावा. जुना परत बसविल्यावरही आकडा चढाच राहिला, तर मिळालेली अश्वशक्ती तेलाची होती. एकाच गाडीच्या लागोपाठच्या दोन फेऱ्यांत टक्का-दीड टक्क्याचा फरक चांगल्या डायनोवरही पडतो. म्हणजे पाऊण अश्वशक्तीचा लाभ शोधण्यासाठी आपण जी चाळणी वापरतो तिचीच भोके एक अश्वशक्तीची आहेत. तिसऱ्या मोजणीसाठी सायलेन्सर पुन्हा उतरवावा लागतो, मजुरी पडते, दिवस मोडतो. म्हणून ती कोणी करीत नाही, आणि करू नये यात विक्रेत्याचेही हित असते.

डायनोचा खर्च नको म्हणणारे रस्त्यावर घड्याळ लावतात. गाडीचे वजन अकराशे किलो धरले आणि ताशी साठ किलोमीटरवरून ऐंशीवर जायला चार सेकंद लागले, तर वेगवाढीसाठी सुमारे चाळीस अश्वशक्ती खर्च झाली असे गतिशास्त्र सांगते. वाऱ्याचा आणि रस्त्याचा रोध वेगळा. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, पण शक्ती एका टक्क्याने वाढली तर या चार सेकंदांत फरक पडतो एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा, आणि घड्याळ दाबणारा अंगठा त्याच्या तिप्पट-चौपट चुकतो. शंभर मीटरला एक मीटर असा डोळ्यांना न दिसणारा चढ त्या वेगात जवळजवळ तीन अश्वशक्ती खातो, म्हणून त्याच रस्त्यावर दोन्ही दिशांनी धावून सरासरी काढावी लागते. मागच्या आसनावरच्या पंचावन्न किलोंच्या आत्याबाई परतीच्या वेळी मुलीकडे राहिल्या, तर गाडीचे ओझे पाच टक्क्यांनी हलके होते. तेवढ्याने पिकअप जेवढा सुधारेल तेवढा आणण्याची ऐपत साध्या गाडीच्या कोणत्याही सायलेन्सरमध्ये नाही. आणि दिवेआगरच्या सुरूच्या बनापलीकडचा तो लांबच लांब, ओहोटीला फरशीसारखा टणक भासणारा किनारा या प्रयोगाला सर्वथा निरुपयोगी: ओल्या वाळूचा रोध दर पन्नास पावलांना बदलतो, खारे पाणी गाडीच्या पोटाला लागते, याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, आणि भरतीच्या वेळी रुतलेली मोटार ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते तेव्हा तिच्या अश्वशक्तीची चौकशी कोणी करीत नाही.

मग सायलेन्सर बदलून कोणालाच काही मिळत नाही काय? मिळते. टर्बो असलेल्या इंजिनात धुराच्या दाबावरच टर्बोची चक्री फिरते, आणि चक्रीच्या पुढल्या अंगाचा दाब उतरला की ती लवकर वेग घेते. तिथे मोठ्या व्यासाची नळी आणि तिच्या जोडीला इंजिनाच्या संगणकातील इंधनाच्या नोंदींत फेरफार केला, तर डायनोला निःसंशय दिसेल असा लाभ पदरी पडतो. पण या यशात संगणकाचा वाटा मोठा आणि नळीचा लहान असतो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातील गाड्यांतही, जिथे बिडाचा ओबडधोबड मॅनिफोल्ड चारी नळकांड्यांचा धूर एकाच गल्लीत कोंबीत असे, प्रत्येकाला स्वतंत्र नळी दिल्याने सुधारणा होई. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीतून कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाट-पद्मिनीवर मुंबईच्या हौशी मेस्त्र्यांनी असले प्रयोग हिरिरीने केले. १९९५ पासून महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाची प्रमाणे आली, आणि आता धुराच्या वाटेवर पुढे-मागे प्राणवायू मोजणारे पहारेकरी बसले आहेत; कन्व्हर्टर काढून टाकताच ते डॅशबोर्डावर पिवळा दिवा लावून फिर्याद करतात. तो काढल्याने थोडी शक्ती मिळते हे खरे, पण तो व्यवहार शेजाऱ्याच्या फुप्फुसांच्या जामिनावर केलेला असतो.

राहता राहिला आवाज. शक्तीचा जो प्रत्यय मालकाला येतो तो बहुतांशी कानांतून येतो. गर्जना वाढली की वेग वाढला असे मेंदू परस्पर ठरवून टाकतो. गंमत अशी की एक मीटरवर शंभर डेसिबल भरेल अशा, अर्ध्या गावाची झोप उडविणाऱ्या, आवाजातली एकूण ध्वनिशक्ती एका वॉटच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच असते. अश्वशक्तीच्या हिशेबात ती मांडायची झाली तर दशांशचिन्हानंतर तीन-चार शून्ये देऊन मग पहिला अंक लिहावा लागेल. कायद्याच्या दृष्टीनेही हा आवाज महागात पडतो: मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मज्जाव करते, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि ध्वनी व धूर यांच्या मर्यादा मोडणाऱ्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर ओळीने मांडून त्यांच्यावरून रोलर फिरविण्याचा पोलिसी समारंभ आता वर्तमानपत्रांच्या वाचकांना परिचित झाला आहे.

किनाऱ्यावर गाडी ठेवणाऱ्या माणसाला मात्र सायलेन्सरचा विचार एका निराळ्या कारणासाठी करावा लागतो. एक लिटर पेट्रोल जळले की त्यातून जवळजवळ लिटरभर पाणी तयार होते. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू केली की नळीच्या तोंडातून टपकणारे थेंब आणि खाली अंगणातल्या सारवणावर उमटणारा काळसर, काजळमिश्रित ओला ठिपका, हे त्याच पाण्याचे रूप. आगरातून बोर्लीपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचा सायलेन्सर ते वाळवून टाकण्याइतका तापतच नाही. पाणी आत साचते, आम्लधर्मी होते आणि पत्रा आतून खाऊ लागते, तर बाहेरून समुद्राची खारी हवा आपले काम चालू ठेवते. शिवणीवर प्रथम तांबूस रेघ दिसते, मग सुईच्या अग्राएवढे भोक, आणि भोक प्राणवायूच्या मापकाच्या अलीकडे पडले तर बाहेरची हवा आत शिरून संगणकाची दिशाभूल होते, तो विनाकारण जास्त पेट्रोल सोडू लागतो आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरते. अशा वेळी मूळच्याच मापाचा, आवाजाची आणि धुराची प्रमाणे पाळणारा, चांगल्या प्रतीच्या गंजरोधक पोलादाचा सायलेन्सर घालणे हा शहाणा खर्च आहे, आणि त्याने परत मिळालेली शक्ती डायनोवर दिसेलही, कारण ती पूर्वी गळत होती.

एवढे सर्व ऐकूनही ज्याला हौस भागवावयाचीच असेल त्याने पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याकडे तीन मोजण्यांचे कागद मागावेत, त्यांवर तारीख, हवेचे तापमान, दाब आणि हिशेबाचे प्रमाण लिहिलेले आहे की नाही ते पाहावे, रेषेच्या टोकाऐवजी दोन ते चार हजार फेऱ्यांमधला भाग निरखावा, आणि जुना सायलेन्सर भंगारवाल्याला न देता माळ्यावर ठेवावा. तिसऱ्या मोजणीला तो लागतो, आणि घाटाच्या तोंडाशी वाहतूक पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली तर दुसऱ्या दिवशीही तोच लागतो.